भाऊले फोन लावू का?

खान्देशात मोटारसायकल चालवायला गाडी लागते, पेट्रोल लागतं आणि भाऊ लागतो. लायसनही लागतं म्हणतात, पण ते एमएच १२ आणि एमएच १५ वाल्यांचं झालं. आमच्या एमएच १९ आणि एमएच १८ मध्ये गाडी बापाची चालते, पेट्रोल दोस्ताचं चालतं. भाऊ मात्र ज्याचा त्याला हवा.

भाऊ म्हणजे आईच्या पोटचा नव्हे. तो असला तर उलट पंचाईत, कारण गाडी त्याचीच असते आणि न विचारता काढलेली असते. भाऊ म्हणजे नगरसेवक, माजी नगरसेवक, होऊ घातलेला नगरसेवक, बाजार समितीचा संचालक, सरपंचाचा शालक, किंवा अगदीच काही नाही तर चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालून दुसऱ्या ओळीत उजवीकडून तिसरा फोटो ज्याचा आहे तो. त्याचा नंबर मोबाइलमध्ये असणं पुरेसं नाही. त्याने तो उचलला पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, पण आमच्या रस्त्यावरचा खरा कायदा याच्यापासून सुरू होतो की रिंग किती वेळा वाजली.

खान्देशातल्याच एका चौकातली भरदुपार. कोणत्या गावातला चौक ते विचारू नका, उगाच एका हवालदाराची बदली व्हायची. पल्सरवर तिघं आले. नंबरप्लेटवर २१४ हा आकडा असा वळवलेला की 'राम' वाचावं. मधल्याला नुकतंच मिसरूड फुटलेलं. हवालदाराने हात केला आणि पुढचा संवाद सुरू झाला.

"लायसन?"

"शे ना सायेब."

"दखाड."

"घर शे."

"आरसी?"

"ती बी घर शे."

"हेल्मेट?"

"ते बी घरच शे सायेब."

"मंग तू कसाले भायेर निंघना?"

या प्रश्नाला जगात कुठेही उत्तर नसतं. खान्देशात आहे. गाडीवरच्या शेवटच्याने खिशातून मोबाइल काढला आणि ते वाक्य म्हटलं जे आमच्याकडे लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी या चारही कागदांच्या बदल्यात चालतं : "भाऊले फोन लावू का?"

यापुढची दोन मिनिटं बघण्यासारखी असतात. पोरगा फोन पुढे करतो, हवालदार मान वळवून लांबच्या एका ट्रककडे पाहू लागतो. पोरगा दुसऱ्या बाजूने फोन आणतो, हवालदाराला अचानक वाहतूक दिसू लागते. त्याला पक्कं ठाऊक असतं की फोन एकदा कानाला लागला की केस गेली. आणि पोराला पक्कं ठाऊक असतं की कान फार वेळ लांब राहत नाही. शेवटी फोन स्पीकरवर टाकला जातो. भाऊ जेवत असतात. "सायेब, आपलाच पोरगा शे. दखी ल्या." हवालदार "हो भाऊ, हो भाऊ" म्हणतो, वर "तुम्ही बोलले म्हणून" असं पुटपुटतो, आणि पल्सर तिघांना घेऊन निघून जाते. जशी आली तशीच, तिघांना घेऊन. एका गाडीवर चालकामागे एकच माणूस बसू शकतो असं कलम १२८ सांगतं. दुसरा बसला तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसनवर गदा, हे कलम १९४सी. गदा आणायला आधी लायसन हवं, ही आणखी एक अडचण.

एवढ्या सगळ्या बोलण्यात तिघं एका गाडीवर होते, एकाच्याही डोक्यावर काही नव्हतं आणि मधला बहुधा अकरावीत असावा, हा विषय निघाला नाही. विषय एकच होता : तू कोणाचा?

त्याच नाक्यावर थोड्या वेळाने सातपुड्याकडचा एक माणूस आला. जुनी स्प्लेंडर, टाकीवर पोरगं, मागे बायको, तिच्या मांडीवर बाजाराची थैली. हात दिसताच तो थांबला. थांबला म्हणजे कसा, चावीसुद्धा स्वतःच काढून पुढे केली. मग सदऱ्याच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी निघाली, तिला रबर, रबर सोडलं की आत आणखी एक पिशवी. त्यात लायसन, आरसी, विमा, पीयूसी, आधार, मतदान कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, पोराचा जन्मदाखला आणि बँकेचं पासबुक. हवालदाराने मागितलं होतं फक्त लायसन. पण ज्याला आयुष्यात प्रत्येक खिडकीवर 'आणखी एक कागद आण' असं सांगितलं गेलं आहे, तो घरून निघतानाच सगळं घर बरोबर घेऊन निघतो.

निंबाखाली खुर्ची टाकून बसलेल्या साहेबांनी एकेक कागद उलटला. सगळं बरोबर निघत होतं, त्यामुळे साहेब थोडे वैतागले असावेत. मग बोट विम्याच्या तारखेवर थांबलं. चार दिवस उलटून गेले होते. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या खेपेला दोन हजार रुपये, कलम १९६. माणसाने बायकोकडे पाहिलं, बायकोने थैलीकडे. पुढचं बोलणं निंबाच्या पलीकडे झालं. दंडाचं मशीन टेबलावरच होतं. त्यातून पावती निघाल्याचा आवाज काही आला नाही.

कागद सगळे असलेला माणूस पैसे देऊन गेला आणि एकही कागद नसलेले तिघं फोन देऊन गेले. आमच्याकडे लायसनचं प्लॅस्टिक कार्ड कोणाच्या खिशात सापडतं ते नीट पाहा. दूधवाला, केळीच्या मळ्यातला मजूर, भाजीचा ठेलेवाला, परजिल्ह्यातला मास्तर. ज्याच्यामागे कुणी नाही तो कागद बाळगतो.

बरं, कागद घरी राहिले म्हणून आभाळ कोसळतं असंही नाही, पण हे सांगणार कोण? २०१८ साली केंद्राने मोटार वाहन नियम १३९ बदलला. मोबाइलमधल्या डिजिलॉकरातलं किंवा एमपरिवहन ॲपमधलं लायसन दाखवलं तर ते अस्सलच धरायचं, आणि जवळ काहीच नसेल तर नियमाने पंधरा दिवसांत हजर करण्याची मुभा आहे. आता हे तुम्ही चौकात उन्हात उभं राहून सांगून पाहा. "साहेब, नियम १३९..." एवढं तोंडातून निघालं की साहेबांच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला 'आला मोठा वकील' म्हणतात. आणि त्याच क्षणी तुमच्या मोबाइलची रेंज जाते. भाऊला लावताना चार काड्या असतात, डिजिलॉकर उघडताना एकही नसते. याचा शोध टेलिकॉम खात्याने घ्यावा.

चावीचंही तसंच. गाडी थांबायच्या आत एक हात येतो आणि चावी काढून घेतो. एवढा सराईत हात की पाकीटमाराने शिकवणी लावावी. गाडीची चावी काढून घेण्याचा अधिकार देणारं कलम मोटार वाहन कायद्यात शोधून सापडत नाही. कलम २०७ आहे, त्यात लायसन किंवा नोंदणीच नसलेली गाडी अडकवून ठेवण्याची तरतूद आहे. पण ती सगळं विचारून झाल्यानंतरची पायरी. आमच्याकडे पहिली पायरी चावी, दुसरी 'बाजूला लाव' आणि तिसरी 'कुठला तू?'. चावीशिवाय गाडी बाजूला कशी लावायची, हे विचारणाऱ्याला चौथी पायरी दिसते.

आता मोटारसायकलवाल्यांची बाजू घेऊन सगळं पोलिसांवर ढकलावं, तर तेही जमत नाही. आपली मंडळी काय कमी आहेत?

नाकाबंदी लागली की दोन मिनिटांत सगळ्या शहराला कळतं. समोरून येणारा हेडलाइट मारतो, तोंडाने काही न बोलता डोक्यावर टपली मारून दाखवतो. अर्थ : पुढे हेल्मेट तपासत आहेत. भर रस्त्यात डोक्याला टपल्या मारत चाललेला माणूस पाहून बाहेरगावचा पाहुणा घाबरतो. मग कोणी गल्लीत शिरतो, कोणी पेट्रोल पंपातून आत जाऊन दुसऱ्या बाजूने निघतो, कोणी सरळ उलट्या दिशेने परत फिरतो. कोपरात अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं, नाका ओलांडला की पुन्हा कोपरात. आमच्याकडच्या कोपरांना आजवर एकाही अपघातात काही झालेलं नसेल, इतकी त्यांची काळजी घेतली जाते. एकमेकांना इतक्या तत्परतेने सावध करणारा समाज दुसरा नाही. फक्त सावध पोलिसापासून करायचं, ट्रकपासून नाही.

'उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, डोकं शिजतं' हे कारण भुसावळकराने द्यावं आणि आपण ऐकून घ्यावं. पण डिसेंबरातल्या धुळ्याच्या थंडीत, दात वाजत असताना, कानटोपी, त्यावर मफलर, त्यावर स्कार्फ एवढं सगळं चढवून जो देवपूरहून पाचकंदीलला येतो, त्याच्या डोक्यावर हेल्मेटलाच जागा नसते. नवी गाडी विकताना तिच्याबरोबर हेल्मेट द्यावं हा नियम १३८ आहे. त्यामुळे घरोघरी हेल्मेट आहे. माळ्यावर, पितळी पातेल्याशेजारी. एक जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय हेल्मेट विकता येत नाही, आणि रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून अर्ध्या टरबुजासारख्या टोप्या विकायला मांडलेल्या असतात. त्या डोकं वाचवण्यासाठी नाहीत, पावती वाचवण्यासाठी आहेत. नाकाबंदी लागली की त्या विक्रेत्याची ताडपत्री बरोबर शंभर मीटर अलीकडे पसरते. त्याला कोणी सांगतं की तो स्वतःच ओळखतो, या वादात आम्ही पडत नाही.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यात हेल्मेट न घातलेली ५० हजार २९. पैकी १४ हजार ३३७ मागे बसलेली. मागे बसणारी म्हणजे आमच्याकडे बहुतेक वेळा बायको, आई, नाहीतर शेतावरून परत येणारी मावशी. ती हेल्मेट मागत नाही आणि तिला कोणी देत नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं असं कलम १२९ म्हणतं. त्याहून लहान पोरासाठी २०२२ सालीच केंद्राने वेगळा नियम काढला : पोराला हेल्मेट, चालकाच्या अंगाला बांधून ठेवणारा पट्टा, आणि गाडीचा वेग ताशी चाळीसच्या आत. नियम करणाऱ्याने खान्देशातली टाकी पाहिलेली नसावी. टाकीवर बसलेलं पोरगं हँडल धरतं आणि हॉर्नही तेच वाजवतं. बापाला फक्त गिअर उरतो.

शिकवणीला जाणारी पोरं हा तर स्वतंत्र धडा आहे. दहावीची मुलगी ॲक्टिव्हावर, मागे दोघी मैत्रिणी. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंग आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला पंचविशी गाठेपर्यंत लायसन नाही, असं कलम १९९ए आणलं. हे कलम आमच्या एका ओळखीच्या बापाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग रिक्षेचे महिन्याला किती घेतात माहिताय?"

सरकारही यातलंच. २०१६ च्या जुलैत तेव्हाचे परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' जाहीर केलं. पंपावर पेट्रोल भरणाऱ्या पोराने आता पोलिस व्हायचं होतं. ऑगस्ट उजाडला आणि निर्णय गुंडाळला गेला. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्राने दंड वाढवले, तेव्हा त्याच रावत्यांनी नितीन गडकरींना पत्र लिहून दंड कमी करा म्हटलं आणि राज्यात अंमलबजावणी थांबवली. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती, हा निव्वळ योगायोग. वाढीव दंड राज्यात लागू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. तिकडे पुण्याने २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटविरुद्ध पगड्या घालून मोर्चा काढला. आमच्याकडे मोर्चा निघाला नाही. ज्या गोष्टीची अंमलबजावणी होत नाही तिच्याविरुद्ध मोर्चा काढण्याइतका वेळ खान्देशी माणसाला नाही.

मग आला कॅमेरा. आणि इथे भाऊचा पहिल्यांदा घोळ झाला.

कॅमेरा फोन घेत नाही. तो फोटो काढतो, आणि आपण ओट्यावर शेवभाजी खात बसलेलो असताना मोबाइलवर टिंग वाजतं. पोरगा नेहमीप्रमाणे भाऊला फोन लावतो. भाऊ म्हणतात, "कोण साहेब होते?" पोरगा म्हणतो, "साहेब नव्हते, खांब होता." भाऊ गप्प. खांबाला काय सांगणार?

पण खान्देशी बुद्धी खांबापुढे हरली असं झालं नाही. नंबरप्लेट वर दुमडली गेली. प्लेटवर लिंबू-मिरची लोंबू लागली, नेमकी शेवटच्या दोन आकड्यांवर. पावसाळ्यात चिखल असतो, उन्हाळ्यात तो लावला जाऊ लागला. नंबर इंग्रजी आकड्यांत स्वच्छ लिहावा असा नियम असताना ८०५५ चा 'बॉस' आणि ४१४१ चा 'दादा' होतोच. त्यावर सरकारने उच्च सुरक्षेची नंबरपाटी काढली. एक एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना ती बसवायची, दुचाकीला साडेचारशे रुपये अधिक जीएसटी. पहिली मुदत ३१ मार्च २०२५. मग जून, मग ऑगस्ट, मग नोव्हेंबर. मुदत इतक्या वेळा वाढली की आमच्याकडच्या लोकांनी ती पाटी बसवण्यापेक्षा मुदतवाढीच्या बातमीचं कात्रण जवळ ठेवणं पसंत केलं.

शिवाय खांबालाही चुका होतात. गाडी पाच वर्षांपूर्वी विकली, नाव बदलायचं राहिलं; आता नवा मालक सिग्नल तोडतो आणि टिंग जुन्याच्या घरी वाजते. ज्या गाडीने तापी ओलांडली नाही तिला भलत्याच शहराचं चलान येतं, कारण तिचा नंबर लावून दुसरीच कोणी फिरते आहे. हे निस्तरायला भाऊ उपयोगी पडत नाही. वेबसाइट लागते, पासवर्ड लागतो, आणि लोकअदालतीची तारीख लागते. लोकअदालतीच्या नोटिसा मोबाइलवर येऊ लागल्यापासून कित्येक घरांत 'आपल्यावर केस झाली' म्हणून रडारड झाली.

रस्त्यावर उभ्या पोलिसालाही खांब व्हायची हौस आली होती. गाडी न थांबवता स्वतःच्याच मोबाइलवर टपाटप फोटो काढायचे, आणि संध्याकाळी निवांत चलानं टाकायची. वाहतूकदारांनी बोंब मारली आणि २०२५ साली वरून आदेश निघाला की खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नका. आदेश निघाला म्हणजे सवय मोडली असं नाही. आमच्याकडे आदेशालाही आधी विचारतात, तू कोणाचा?

एकशे बत्तीस हा आकडा मात्र प्रत्येक मोटारसायकलवाल्याने पाठ करावा. मोटार वाहन कायद्याचं कलम १३२ सांगतं, अपघातासारख्या प्रसंगी चालकाने गाडी थांबवून कसं थांबायचं. भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ सांगतं, थांबवणाऱ्या सरकारी नोकराच्या अंगावर गेलात तर काय होतं. पूर्वी त्यालाच लोक 'तीनशे त्रेपन्न' म्हणत, एक जुलै २०२४ पासून नंबर बदलला. आणि २०२१ च्या ऑगस्टात केंद्राने कॅमेऱ्याच्या पहाऱ्यासाठी शहरांची जी यादी छापली, ती शहरंही १३२. त्यात जळगाव आहे, धुळे नाही. सरकारी यादीतून वगळलं म्हणून धुळेकरांनी आंदोलन केलं नाही, असा हा बहुधा एकमेव प्रसंग.

पोलिसाच्या बाजूनेही एक शब्द टाकला पाहिजे, नाहीतर पुढच्या नाक्यावर आमचीच गाडी बाजूला. हा माणूस उन्हात उभा असतो. हायवे शहराच्या पोटातून जातो, समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षे आंदोलनं केली, तोवर ट्रक, रिक्षा, केळीचे ट्रॅक्टर आणि शाळेची पोरं एकाच पट्टीवरून गेली. त्या सगळ्यांमध्ये शिट्टी घेऊन एकटा उभा. सकाळी बंदोबस्त, दुपारी नाकाबंदी, रात्री मिरवणूक. वरून सांगतात केसेस वाढव, बाजूने सांगतात दखी ले. त्याने भाऊचा फोन घेतला नाही तर भाऊ त्याच्या साहेबाला लावतो, साहेबाने घेतला नाही तर आणखी वर. फोन शेवटी कुठेतरी घेतला जातोच. मग आपल्याच पातळीवर घेतलेला काय वाईट, असा त्याचा हिशोब. तो चुकीचा आहे, पण हिशोब आहे.

तरी त्याच्यासाठीही एक कलम आहे, २१०बी. ज्यांच्या हातात या कायद्याची अंमलबजावणी आहे त्यांनीच नियम मोडला तर दंड दुप्पट. म्हणजे हेल्मेट न घालता ड्युटीवर येणाऱ्याला हेल्मेट न घालणाऱ्याच्या दुप्पट भरायचे. हे कलम २०१९ चं आहे. आम्ही एकदा एका ओळखीच्या पोलिसाला विचारलं, या कलमाखाली कधी पावती फाडली का? तो हसला, चहा सांगितला आणि म्हणाला, "तुम्ही पेपरवाले ना, कुठून कुठून शोधून काढता!"

भाऊला हद्द असते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. जळगावचा भाऊ एरंडोलपर्यंत ठणठणीत चालतो, पारोळ्यापर्यंत कसाबसा. पारोळा मागे पडून फागणं आलं की धुळे जिल्हा लागतो आणि भाऊ रोमिंगमध्ये जातो. धुळ्याच्या चौफुलीवर एमएच १९ ची गाडी उभी आहे आणि पोरगा छाती काढून "भाऊले फोन लावू का?" म्हणतो आहे. समोरचा शांतपणे विचारतो, "कोण भाऊ?" पोरगा नाव सांगतो. समोरचा म्हणतो, "इथले कोण आहेत का?" इथे मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर असे दोन हायवे एकमेकांना छेदतात, धुळ्याच्या पोलिसाने इंदूरचे भैया, सुरतचे भाई आणि नाशिकचे दादा असे सगळे फोन ऐकलेले आहेत. त्याला जळगावचा भाऊ म्हणजे चिल्लर. पोराला आयुष्यात पहिल्यांदा यूपीआयने दंड भरावा लागतो. पावती हातात येते तेव्हा तो ती उलटसुलट पाहतो, तिचं काय करायचं असतं त्याला माहीत नसतं.

रस्त्यात गाडी अडवण्याची खान्देशातली सगळ्यात गाजलेली गोष्ट तशी पोलिसांच्या नावावर नाहीच. १४ एप्रिल १९४४ रोजी शिंदखेडा तालुक्यातल्या चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना अडवला. सुमारे साडेपाच लाख रुपये. साताऱ्याकडून आलेले जी. डी. बापू लाड आणि इथले डॉ. उत्तमराव पाटील ही त्यातली ठळक नावं. खजिन्याबरोबर बंदोबस्ताला पोलिस होते, आणि अडवलं गेलं ते त्यांना. त्या पोलिसांनी कोणाला फोन लावू का म्हणून विचारल्याची नोंद नाही.

ते दिवस गेले. आता निवडणुका तोंडावर आल्या की भाऊंची मोटारसायकल रॅली निघते. पाचशे गाड्या, प्रत्येकीवर तिघं, मधला झेंडा धरलेला, सायलेन्सरमधून फटाके, नंबरप्लेटवर भाऊंचंच स्टिकर. हेल्मेट एकाही डोक्यावर नाही, कारण डोक्यावर भाऊंच्या नावाची टोपी आहे. पुढे पोलिसांची जीप, तिच्यावर फिरणारा दिवा. चौकात हवालदार शिट्टी घेऊन उभा राहतो, दोन्ही हात आडवे करतो आणि रहदारी थांबवतो. थांबलेल्यांच्या पहिल्या रांगेत एखादा दूधवाला असतो, हेल्मेट घातलेला, सगळे कागद खिशात, दूध नासायला लागलेलं. तो विचारतो, किती वेळ? हवालदार म्हणतो, "पाचशे गाड्या आहेत, इंजिन बंद कर."